माहेरचं माणूस

"हे हाटेल हाय का खानावळ?" दाजींनी दारातच विचारलं.

"खानावळच म्हणा," मी म्हणालो. "पण जेवण चांगलं असतं."

"जेवण आमच्या गोठ्यावरच्या गड्यांचंबी चांगलं असतंय. पाव्हण्याला न्यायचं म्हणजे जरा जागा बघून न्यावं, उदयराव."

जागा त्यांच्या लायकीची नव्हती हे खरंच. सहा टेबलं, त्यांवर कापडाऐवजी पांढरा कागद अंथरलेला, भिंतीवर कुठल्याशा फुटबॉल संघाचा रंग उडालेला फोटो, आणि आतून परतलेल्या कांद्याचा वास. ही गोष्ट एक्याण्णव सालच्या मे महिन्यातली, इटलीतल्या तुरिन गावातली. मोटारींचे दिवे बनवणाऱ्या एका कारखान्यात मी तिथं नोकरीला होतो आणि गेली चार वर्षं दुपारचा या पिएराबाईंच्या खानावळीत जेवत होतो. स्वस्त होतं, पोटभर होतं, आणि कुणी उगाच वाकून सलाम करत नव्हतं.

दाजी म्हणजे हिंदुराव मगदूम, माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, कोल्हापूरकडच्या एका दूध संघाचे संचालक. संघाचे अकरा संचालक सपत्नीक युरोपच्या अभ्यास दौऱ्यावर निघाले होते. सोळा दिवसांत सात देश. अभ्यास दुधाचा होता, पण एवढ्या दौऱ्यात दाजींना गाय भेटली ती एकच, आणि तीही एका चॉकलेटच्या दुकानाच्या पाटीवर रंगवलेली. तिच्याजवळ उभं राहून त्यांनी फोटो काढून घेतला होता. त्या रविवारी मंडळी मिलानला मोकळी होती. मेहुणा इतक्या जवळ असताना त्याचा पाहुणचार न घेता परत जाणं दाजींच्या स्वभावात बसणारं नव्हतं. म्हणून सकाळच्या गाडीनं दोघं आली होती आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जाणार होती.

आक्का त्यांच्या मागं दोन पावलं उभी होती. नवी कोरी साडी, तिच्यावर दाजींचा जुना स्वेटर, पायांत मोजे आणि मोज्यांवर चपला. आत शिरताना तिनं माझ्याकडं एकदा बघितलं. आज बोलणार ना, असं ते बघणं होतं.

सकाळी स्टेशनाबाहेर दाजी कारंज्याचा फोटो काढत होते तेव्हा तिनं मला बाजूला घेतलं होतं. गडहिंग्लजच्या एका कन्याशाळेत तिला मराठी शिकवायची जागा मिळत होती. तिथल्या मोठ्या बाई तिच्या कॉलेजातल्या मैत्रीण. त्यांनी पंधरा जूनपर्यंत जागा धरून ठेवली होती. आक्का बीएड झाली त्याच वर्षी तिचं लग्न झालं आणि वीस वर्षं ते सर्टिफिकेट कपाटात, साड्यांच्या खाली. मुलगा पुण्याला इंजिनिअरिंगला. ती एक्केचाळीस वर्षांची होती आणि ही जागा गेली की दुसरी कुणी देणार नव्हतं. रोज जाऊन येऊन जमलं नसतं, त्यामुळं सोमवार ते शनिवार तिला तिकडं खोली करून राहावं लागणार होतं.

"यांना सांगितलं तर हसले," आक्का म्हणाली. "मग चार माणसांत म्हणाले, तुझ्या माहेरच्या एका माणसानं माझ्या तोंडावर म्हणू दे, शालनला पाठवा, मी अडवणार न्हाई. चार माणसांत दिलेला शब्द ते मोडत नाहीत, उदय. तेवढा एक गुण आहे."

आमचे वडील, आबा, जाऊन सहा वर्षं झाली होती, आई त्यांच्याही आधी गेली होती. चुलते नव्हते. माहेर म्हणजे मी एकटा.

"एक वाक्य बोलायचं. पाठवा म्हणायचं, बास."

"अगं, त्यात काय," मी म्हणालो. "जेवतानाच बोलतो."

तिला माझ्याबद्दल शंका नव्हती, आणि त्याला कारण माझी पत्रं. दर महिन्याला मी तिला पत्र लिहायचो आणि त्यात दाजींची अशी सालं काढायचो की ती वाचताना तोंडाला पदर लावून हसायची म्हणे. त्यांचं जाकीट, त्यांची भाषणं, हार घालून घ्यायला पुढं केलेली मान. उंटावरून शेळ्या हाकायला तुरिन फार सोयीचं गाव होतं. पत्रातला तो वाघ तिला खरा वाटला होता.

दाजींनी भिंतीकडची, सगळी खोली दिसेल अशी खुर्ची धरली. आक्का कडेला बसली. पिएराबाई आल्या. साठीच्या, बुटक्या, कमरेला एप्रन. नवरा आत रांधायचा, त्या बाहेर वाढायच्या. टेबलाच्या कडेवर दोन्ही हात टेकून त्या उभ्या राहिल्या.

"कार्ड कुठाय?" दाजींनी विचारलं.

"इथं कार्ड नसतं. काय केलंय ते बाई तोंडी सांगतात."

"म्हंजे वाढतील ते गिळायचं. यांना सांगा मी कोण ते. रोजचं दोन लाख लिटर दूध हाय म्हणावं संघाचं."

मी पिएराबाईंकडं वळून इटालियनमध्ये म्हणालो, "हे माझ्या बहिणीचे यजमान. रोज दोन लाख लिटर दूध गोळा होतं, आणि ते सगळं स्वतःच दिल्यासारखं सांगतात."

पिएराबाई खदखदून हसल्या. दाजी खूश झाले.

"बघा, दूध म्हटलं की जगात कुठंबी मान हाय."

मला काय गुदगुल्या झाल्या. आक्कालाही थोडं हसू आलं. मी काहीतरी वात्रटपणा केला हे तिला माझ्या तोंडावरून कळलं होतं. भाऊ आता रंगात आला, आता बोलेल, असं तिला वाटलं असणार. मलाही तसंच वाटत होतं.

त्या दिवशी तीन पदार्थ होते. भाज्यांचं सूप, मक्याच्या कण्या आणि त्यावर सशाचा रस्सा, आणि आन्योलोत्ती. मटण कशात आहे असं दाजींनी विचारलं तेव्हा मी सांगितलं, आन्योलोत्ती म्हणजे बोटाएवढ्या करंज्या, आत खिमा.

"पाव्हण्याला करंज्या. बरं, आणा. अन् लवकर म्हणावं."

"आणि आक्काला?"

"तिला कशाला येगळं? ती माझ्या मागनं जेवती की."

नवऱ्याचं जेवण झालं की त्याच ताटात बायकोनं बसायचं ही रीत आमच्याही घरात होती, पण आबांनी ती आईला पहिल्याच वर्षी बंद करायला लावली होती. मगदुमांकडं ती चालू होती आणि दाजी ती मिरवायचेही.

"पॅरिसलाबी तसंच केलं," ते म्हणाले. "बाकीच्या संचालकांच्या बायका सुरी-काट्यासंगं झुंजत बसत्यात. हिला काय तरास न्हाई. मी खातो, उरलं ते ती खाती. घराण्याची शिस्त हाय."

या माणसानं पॅरिसच्या हॉटेलात आपलं उष्टं ताट बायकोपुढं सरकवलं आणि वर शिस्त म्हणून सांगतोय. मला किळस आली. मी पिएराबाईंना म्हणालो, "दोन ताटं. एक यांना, एक मला."

"आणि बाईंना?"

"बहिणीला भूक नाही."

पिएराबाईंनी आक्काकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि त्या आत गेल्या.

ताटं आली. दाजींनी काटा मुठीत धरून खायला सुरुवात केली. नावं ठेवत होते, खात होते. मैदा जास्त, मीठ कमी, तिखटाचा पत्ता नाही. हे सगळं तोंडात दोन दोन करंज्या असताना. मध्येच त्यांनी दूध संघाच्या येत्या निवडणुकीचं काढलं आणि विरोधी पॅनेलच्या एकेकाची कुळी उद्धरली. मी मान डोलावत होतो. पिएराबाई पाणी ठेवायला आल्या तेव्हा इटालियनमध्ये म्हणालो, "यांच्या तोंडाला रविवारीसुद्धा सुट्टी नसते." त्या गालात हसल्या. तेवढ्यानं मला वाटलं की दाजींना मी चांगलं वाजवलं.

अर्धं ताट झाल्यावर दाजी थांबले. मोठ्यानं ढेकर दिली, काटा ताटात टाकला आणि ताट आक्कापुढं सरकवायला लागले.

नेमक्या त्या वेळी पिएराबाई टेबलाजवळून चालल्या होत्या. काटा ताटात पडला की जेवण झालं, हे चाळीस वर्षं त्यांच्या हाताच्या सवयीचं. ताट आक्कापाशी पोचायच्या आत त्यांनी ते उचललं आणि आत नेलं. आतून खरकटं डब्यात पडल्याचा आवाज आला.

"अहो बाई. ओ," दाजी उठून उभे राहिले. "ताट कुठं न्हेलं? शालनचं ताट हाय ते."

पिएराबाई बाहेर आल्या. "झालं नव्हतं का त्यांचं?"

"उरलेलं माझ्या बहिणीसाठी होतं," मी म्हणालो.

"उरलेलं?"

"हो. त्यांच्याकडं तशी पद्धत आहे." बाईंचा चेहरा बदललेला बघून मी घाईघाईनं गंमत केली, "नवरा आधी खाऊन जेवणात विष नाही ना ते बघतो."

या वेळी त्या हसल्या नाहीत. टेबलाला वळसा घालून त्या आक्काच्या खुर्चीशी गेल्या, जरा वाकल्या आणि त्यांनी तिलाच विचारलं, तुम्ही काय खाणार. इटालियनमध्येच विचारलं, पण आक्काला मी सांगायची गरज पडली नाही. तिनं आजूबाजूला बघितलं. शेजारच्या टेबलावर एक म्हातारा पिवळ्याधमक कण्यांचा ढीग चमच्यानं खात होता. आक्कानं तिकडं बोट केलं.

"अगं, त्या मक्याच्या कण्या हायत," दाजी म्हणाले. "म्हस व्याली की घालतो आपण."

"असू देत," आक्का म्हणाली.

दाजी धुसफुसत खाली बसले. परमुलुखात चार लोकांसमोर तमाशा नको म्हणून गप्प बसले असतील. ताट आलं, वाफा येत होत्या, पण आक्कानं त्याला हात लावला नाही. दोन्ही हात मांडीवर ठेवून ती माझ्याकडं बघत बसली. यापेक्षा चांगली वेळ येणार नाही हे तिला कळलं होतं आणि मलाही कळलं होतं.

मी घसा साफ केला. "दाजी, मी काय म्हणत होतो..."

"काय?"

"इथलं चीज खाऊन बघणार का? गावाकडचं असतं, ताजं."

"दुधाचं मला दावू नका, उदयराव."

"तेही खरंच."

आक्का अजून बघतच होती. माझ्या ताटात चार करंज्या होत्या. त्या मी एकेक करून खाल्ल्या. दाजींनी वरच्या खिशातून दात कोरायची चांदीची काडी काढली. मनात मी त्या काडीवर एक फर्मास वाक्य तयार केलं, पुढच्या पत्रासाठी.

शेवटी आक्काच म्हणाली, "उदयला तुमच्याशी काहीतरी बोलायचंय."

दाजी खुर्चीत मागं रेलले. रागावले नाहीत. उलट मजेत दिसले.

"शाळेचंच ना? टेसनावर भैन-भाऊ कुजबुजत होता तवाच मी वळीकलं. बोला की. मी शब्द दिलाय. पाठवा म्हणा, मी पाठवतो."

मी पाणी प्यालो.

"अवघड काय न्हाई," दाजी पुढं म्हणाले. "लोकांनी इचारलं तर सांगीन, मेव्हण्याच्या शब्दाला मान दिला. फकस्त एक हाय. बाई आठ-आठ दिवस घराबाहेर राहणार. उद्या काय बरंवाईट झालं, माझं डोकं फिरलं, न्हाई जमलं, तर ती तुमची जबाबदारी. तुमच्या सांगलीच्या घरातली एक खोली हिच्यासाठी मोकळी ठेवा म्हंजे झालं."

सांगलीचं घर आबांच्या मागं माझ्या नावावर झालं होतं. परत गेलो की लग्न करायचं, वरचा मजला काढायचा, असं मी चार वर्षं मनाशी घोळवत होतो. त्या घरात आक्का ट्रंक घेऊन आलेली मला दिसली. शेजारी विचारतायत, दाजी गावभर बोलतायत, आणि माझी होणारी बायको स्वयंपाकघरात नणंदेशेजारी तोंड वाकडं करून उभी आहे, असं सगळं एका घोटाएवढ्या वेळात दिसलं. दाजींनी मला बरोबर ओळखलं होतं. ज्या माणसाला मी पत्रांतून चार वर्षं बिनडोक ठरवत आलो, त्यानं दोन वाक्यांत माझा तळ गाठला होता.

"तुम्ही म्हणाल तसं, दाजी," मी म्हणालो. "तुमच्या घरातलं मी काय सांगणार."

"ऐकलंस?" दाजी आक्काला म्हणाले.

"ऐकलं."

ती रडेल असं मला वाटलं. रडली असती तर मला बरं वाटलं असतं, समजूत तरी घालता आली असती. तिनं चमचा उचलला, कण्यांचा एक घास घेतला, सावकाश चावून गिळला. मग दुसरा घेतला. मग दाजींकडं वळून रोजच्या आवाजात म्हणाली, "म्हणजे मला माहेर नाही."

"असं कुठं म्हणतोय त्यो?"

"तसंच म्हणाला. मी वीस वर्षं धरून चालले होते, काही झालं तर सांगलीला एक दार आहे. ते दार जाऊ नये म्हणून तुमचं सगळं ऐकत आले, भांडून गेले तर भावाला तोंड कसं दाखवू म्हणून. आत्ता कळलं, ते नव्हतंच." ती माझ्याकडं बघतही नव्हती. "माहेरच्या माणसानं म्हटलं तर जा, असं तुम्ही म्हणाला होता. माणूसच नाही, तर वाट कुणाची बघू? माझं मीच म्हणते. पंधरा तारखेच्या आत मी गडहिंग्लजला हजर होणार."

"अन् मी न्हाई म्हटलं तर?"

"म्हणा की."

"दार लावून घेईन घराचं."

"घ्या. मी खोली घेणारच आहे तिकडं."

दाजी हसायला लागले. मदतीला म्हणून माझ्याकडं बघितलं त्यांनी. आता आम्ही दोघं एका बाजूला होतो ना. मीही त्यांच्याबरोबर हसलो. ते हसू मला आजही आठवतं आणि स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. मग हसता हसता दाजींच्या लक्षात आलं की ही बाई थट्टा करत नाही. दात कोरायची काडी त्यांनी उगाच कागदावर फिरवली.

आक्कानं सगळं ताट संपवलं. रस्सा पावाच्या तुकड्यानं पुसून खाल्ला. आम्ही दोघं बाप्ये तिचं जेवण व्हायची वाट बघत बसलो होतो. ताट न्यायला पिएराबाई आल्या तेव्हा तिनं काटा-चमचा नीट एका बाजूला ठेवला आणि मला म्हणाली, "त्यांना सांग, कण्या चांगल्या झाल्यात."

मी सांगितलं. त्या दुपारी मी जसंच्या तसं सांगितलेलं ते एकच वाक्य. पिएराबाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि मला विचारलं, "काय झालं? बोलणं कसलं चाललं होतं?"

"काही नाही," मी म्हणालो. "घरगुती."

स्टेशनावर दाजी जागा धरायला आधी डब्यात चढले. फलाटावर मी आक्काला म्हणालो, "आक्का, मी त्यांना सविस्तर पत्र लिहितो. समोरासमोर त्यांच्याशी बोलणं म्हणजे..."

"नको," ती म्हणाली. "तुझी तब्येत सांभाळ." आणि ती चढली.

बारा जूनला ती शाळेत हजर झाली. हे मला आमच्या मावसबहिणीच्या पत्रातून कळलं. दाजींनी म्हटल्याप्रमाणं दार लावून घेतलं आणि दीड वर्ष लावून ठेवलं. मग एका शनिवारी गुडघे धरून एसटीनं गडहिंग्लजला गेले, आणि पुढं दर शनिवारी जायला लागले. तिच्या त्या एका खोलीत ते जेवायचे. वाढून घ्यायचे आणि आपलं ताट आपण धुवायचे, असं भाचा सांगतो. त्यांच्यावर मी इतके विनोद केले, पण या माणसाला निदान तेवढं तरी शिकता आलं. मी काय शिकलो म्हणून कुणी विचारलं तर मला सांगता येणार नाही.

आक्का त्याच शाळेतून मोठ्या बाई म्हणून निवृत्त झाली. दाजी जाऊन आता आठ वर्षं झाली. मी केव्हाच परत आलो, लग्न झालं, घरावर मजलाही चढला. वर दोन खोल्या आहेत, त्यांत कुणी राहत नाही. मध्ये एकदा आक्काला म्हणालो, इथं येऊन राहा की, एकटी कशाला तिकडं. ती म्हणाली, बघू.

भाऊबीजेला मी न चुकता जातो. ती पाट मांडते, ओवाळते, पुरणपोळीवर तूप सोडते, आग्रह करते. कुठं उणं ठेवत नाही. ओवाळून झालं की मी दर वर्षी विचारतो, "आक्का, काय हवं तुला?"

"काही नको रे," ती म्हणते, आणि खरंच तिला माझ्याकडून काही नको असतं.